कुणी खाली यायचं न्हाई

कुरडयांचा चीक शिजायला ठेवला की हात थांबवून चालत नाही. जरा थांबलं तरी खाली लागतो. त्या दिवशी बारा वाजून गेले होते. मी माधवनगरच्या आमच्या घरात चीक घोटत उभी होते आणि ओट्यावरचा फोन वाजला. माझ्या मैत्रिणीच्या, शालनच्या नवऱ्याचा, भाऊजींचा फोन होता. मी तो कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला आणि घोटत राहिले. भाऊजी म्हणाले, "मंगलताई, शालन गेली."

"कुठं गेली?" मी विचारलं.

मला खरोखरच तसं वाटलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून शालनचा पाय घरात ठरत नव्हता. आज या वाडीला, उद्या त्या गावाला, कुठे कुणाची पडकी विहीर आहे ती बघायला. भाऊजी म्हणाले, "विहिरीत." आणि मी हसले. हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण मी हसले. "त्यात नवीन काय, रोजच जाते की ती," असं म्हणालेही. तेवढ्यात पलीकडून दुसऱ्या कुणीतरी फोन घेतला. एका अनोळखी बाईने मला एकेक शब्द सुटा करून सांगितलं की शालनबाई वारल्या, दवाखान्यात नेलं होतं पण उपयोग झाला नाही, पोस्टमॉर्टेम होऊन संध्याकाळपर्यंत ताब्यात देतील, येत असाल तर निघा... चीक जळल्याचा वास घरभर झाला, तेव्हा शेजारच्या काकूंनी येऊन गॅस बंद केला. त्या मला काय झालं विचारत होत्या आणि मी त्यांना सांगत होते की चीक लागला, चीक लागला.

सांगलीहून विट्यापर्यंत मी कशी गेले ते आजही सांगता येणार नाही. तिकीट काढलं असणार, कारण नंतर ते पर्समध्ये सापडलं. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, हे शेजारी बसलेल्या बाईने दाखवलं तेव्हा कळलं. डोक्यात एकच घोळत होतं, की यांची काहीतरी गफलत झाली आहे. शालन विहिरीत मरेल? मासा पाण्यात बुडाला म्हणून सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेल का? ज्या बाईने आजूबाजूच्या चार गावांना विहिरीत कसं उतरायचं आणि त्याहीपेक्षा कधी उतरायचं नाही हे शिकवलं, ती विहिरीत गेली हे मला कुणीही सांगितलं असतं तरी पटलं नसतं. गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं आधीच खूप सोसून बसली आहेत. खानापूर-आटपाडीच्या माळावरचं एक गाव, एवढं पुरे.

आमची ओळख साताऱ्यातली. डी.एड.ला असताना वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही दोघी दोन वर्षं राहिलो. मी माधवनगरच्या गिरणी कामगाराची मुलगी. नळाला पाणी यायची वेळ ठरलेली, ते भरून ठेवायचं, संपलं की ओरडा खायचा, पाण्याशी माझा संबंध तेवढाच. शालन माण तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची लेक. ती एका बादलीत आंघोळ करायची, त्याच पाण्यात कपडे भिजवायची आणि उरलेलं तगरीच्या झाडाला घालायची. आम्ही तिला हसायचो. तिला त्याचं काही वाटत नसे. "हसा. तुमाला पाणी नळातनं येतंय म्हून हसताय," एवढंच म्हणायची. पण तिला पोहताना पाहिलं आणि माझं हसू थांबलं. संगम माहुलीला आम्ही पाच-सहा मुली गेलो होतो. शालनने साडीचा काचा मारला, घाटावरून सूर मारला आणि ती वर आलीच नाही. मी मनात आकडे मोजत होते. साठाच्या पुढे गेल्यावर माझा धीर सुटला आणि मी मोठ्याने रडायला लागले. तेव्हा ती भलतीकडेच, पार पलीकडच्या खडकापाशी वर आली. लहानपणी ती आणि तिची भावंडं पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली होती. पाण्याखाली श्वास धरून बसायची युक्ती तिने मला सांगितली होती. "मनात पाढे म्हणायचे गं. घाई करायची न्हाई. दोनापासनं सुरू करायचं, नवाच्या पाढ्यापतुर मला काय बी होत न्हाई." मी खोलीत, कोरड्या जागी, नाक दाबून करून पाहिलं. चाराच्या पाढ्याला तोंड उघडलं.

नोकरी लागली, लग्नं झाली. तिचा नवरा फौजेत. गावात त्यांना सगळे फौजीच म्हणतात, मी भाऊजी म्हणते. ते सीमेवर आणि ही जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये, आज इथे तर चार वर्षांनी तिथे, शेवटी बदली होत होत सासरच्या गावात आली. मी पहिल्यांदा तिच्याकडे राहायला गेले तेव्हा गावात टँकर येत होता. टँकर दिसला की बाया घागरी घेऊन धावत, आणि ही मुख्याध्यापिका बाई त्यांच्यात कळशी घेऊन उभी. दुसऱ्या दिवशी तिने मला गावाची थोरली विहीर दाखवली. घडीव दगडाची, एका अंगाने पायऱ्या असलेली, मध्ये एक रुंद कट्टा, तिथून पुढे पुन्हा पायऱ्या. जुन्या माणसांनी केवढ्या हौसेने बांधली असेल. आणि आत काय, तर फाटक्या गाद्या, बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्या, मेलेलं कुत्रं. गावात बोअर आल्या आणि लोकांनी विहिरीकडे पाठ फिरवली होती. मग बोअरही आटल्या, आणखी खोल गेल्या, पुन्हा आटल्या. मी नाकाला पदर लावून उभी होते. शालन म्हणाली, "मंगल, बोअर नुसतं पाणी वढती. ही बाई पाणी देती बी आन् पावसाळ्यात गिळून जमिनीत साठवती बी. हिचं तोंड आपणच बांधलंय."

तिने ती विहीर उपसायला घेतली तेव्हा गाव म्हणालं, बाईला येड लागलं. पहिलं वर्ष तर तिच्यावर उलटलं, हेही लिहायला हवं, कारण ती स्वतः ते सगळीकडे सांगायची. गाळ काढला, विहीर स्वच्छ झाली आणि पावसात तिने माळावरच्या ओघळीचं पाणी चर खणून थेट विहिरीत सोडलं. विहीर काठोकाठ भरली. गावाने नारळ फोडला. दिवाळीपर्यंत ते पाणी हिरवं झालं, त्याला वास मारायला लागला. पाण्याबरोबर माती आली होती आणि तळाचे झरे बुजले होते. चावडीवर सगळ्यांसमोर तिला ऐकून घ्यावं लागलं. त्या रविवारी तिने मला फोन केला. रडली नाही. म्हणाली, "चूक माझी हाय. पाणी पोटात घ्यायच्या आधी गाळून घ्यावं लागतं, एवढं साधं मला कळू नये?" उन्हाळ्यात पुन्हा सगळी विहीर उपसली. या वेळी भाऊजी निवृत्त होऊन आले होते, ते मदतीला. विहिरीच्या अलीकडे मोठा खड्डा घेतला, त्यात खाली दगडगोटे, वर खडी, त्यावर जाड वाळू. ओघळीचं आणि शाळेच्या पत्र्यावरचं पाणी आधी त्या खड्ड्यात, तिथून निवळून पाइपाने विहिरीत. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी बाहेरच सोडून द्यायचं, मग पाइप उघडायचा. दोन पावसाळे गेल्यावर मार्चच्या शेवटी तिने मला फोटो पाठवला. कट्ट्याच्या खाली काळंशार, स्थिर पाणी आणि त्यात तिची वाकलेली सावली. आसपासच्या बोअरही उन्हाळ्यात टिकायला लागल्या. टँकर यायचा बंद झाला. त्यावर तिने भाषण केलं नाही की पेपरात नाव छापून आणलं नाही.

मग दुसऱ्या गावांची माणसं यायला लागली. ती जायची, काठावर बसायची, आधी लोकांकडून विहिरीची माहिती काढायची आणि मग एकच गोष्ट घोकून घ्यायची. बंद, जुन्या विहिरीत एकदम उतरायचं नाही. दोराला लिंबाचे डहाळे बांधून ते वर-खाली वर-खाली करून आतली हवा हलवायची, कंदील सोडून बघायचा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच. आणि डिझेल इंजिन विहिरीच्या आत ठेवायचं नाही. "दिवा जळतोय म्हून धूर न्हाई असं समजू नगा. इंजानाचा धूर दिव्याला कळत न्हाई," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मला पाठ झालं होतं. एकदा भाऊजींच्या जीपमधून आम्ही तिघं कोयनानगरला गेलो होतो. घाटात तिला गाडी चांगलीच लागली. धरण बघताना मी आपली तोंडभर कौतुक करत होते. शालन म्हणाली, "एवढं पाणी एका जागी बघून मला भ्याव वाटतं गं. माणसाच्या पायाखाली थोडं थोडं असावं, ज्याचं त्याला."

शेवटची भेट झाली ती यंदा फेब्रुवारीत. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती चार दिवस माधवनगरला येऊन राहिली. माझ्या डोळ्यांत थेंब घालता घालता शेजारच्या वाडीच्या विहिरीबद्दल सांगत होती. चौकोनी विहीर, तिलाही पायऱ्या आणि मध्ये कट्टा, वडाच्या मुळ्यांनी एक भिंत धरून ठेवलेली, वाडीतले दोघे भाऊ, संभाजी आणि महादेव, पुढाकार घेऊन लोकांना जमवताहेत. मी म्हटलं, "आता पुरे कर. साठी उलटली. आत उतरत जाऊ नकोस." तर म्हणाली, "उतरतंय कोण? काठावर बसून सांगते. माझं गुडघं कुठं ऐकत्यात आता." तिने तसा शब्दच दिला होता मला... म्हणून गाडीत बसल्या बसल्या मला पुन्हा पुन्हा वाटत होतं, ती उतरली कशाला? कोण म्हणालं तिला उतर?

संध्याकाळी तिला गावात आणलं. चेहरा लालसर, तुकतुकीत दिसत होता. झोपलेलं माणूस दिसावं तसा. मला वाटलं हाक मारावी. नंतर कळलं की त्या विषारी धुराने माणूस गेलं की चेहरा असाच दिसतो. भाऊजी खांबाला टेकून उभे होते. कुणीतरी खुर्ची दिली तर म्हणाले, "नको, मी ठीक हाय," आणि पुन्हा तसेच उभे राहिले. अंगणात त्या वाडीची माणसं एका बाजूला अंग चोरून बसली होती. गर्दीतल्या बोलण्यातून मला तुकडे तुकडे कळत गेले. त्या आठवड्यात मोटारीची थ्री-फेज लाइट रात्रीचीच येत होती, म्हणून या लोकांनी उपशासाठी डिझेल इंजिन आणलं. वरून पाणी ओढेना, म्हणून ते विहिरीतल्या कट्ट्यावर ठेवलं. आत धूर कोंडला. महादेव खाली बेशुद्ध झाला, शालन उतरली, महादेव वाचला आणि शालन गेली. आणि एक तुकडा असा होता की ती खाली पायरीवर पडली होती आणि वर पंधरा-वीस बाप्ये उभे होते. कुणी उतरलं नाही.

मी आयुष्यात कुणाला शिवी दिलेली नाही. त्या दिवशी दिली. अंगणाच्या मधोमध उभी राहून त्या माणसांना म्हणाले, "तुमच्यातला एकही गडी नव्हता? बाई मरत होती आणि तुम्ही वरून बघत होता?" कुणी मान वर केली नाही. भाऊजींनी येऊन माझा हात धरला. "ताई, नको," म्हणाले. पण मला ते पटलं नाही. मी परत आले ती तोच राग घेऊन. दहा दिवस मला जेवण गेलं नाही. सकाळी फोन हातात घ्यायची, तिचा नंबर काढायची आणि मग आठवायचं.

तेराव्याला मी गेले नाही. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पस्तिशीचा असेल. पायरीच्या खालीच थांबला. "मी संभाजी. त्या वाडीचा," एवढं म्हणाला. मी त्याला आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "ताई, तुमी त्या दिवशी जे बोलला ते बरूबर हाय. पर काय झालं ते मी एकदा तुमाला सांगतो. मग तुमी काय बी बोला." मी बाजूला झाले. तो खुर्चीवर बसला नाही, भिंतीला टेकून खाली बसला.

त्याने सांगितलं ते असं. इंजिन सकाळपासून चालू होतं आणि साडेदहाच्या सुमाराला आपोआप बंद पडलं. महादेव बघायला उतरला. कट्ट्यावर पोचला, इंजिनाला हात लावला आणि पोतं टाकावं तसा बसला. तेवढ्यात शालन एसटीने येऊन विहिरीवर पोचत होती. कट्ट्यावर इंजिन दिसताच ती जागीच थबकली. संभाजी भावासाठी धावत पायऱ्या उतरायला लागला, तशी तीही त्याच्या मागे धावली आणि सहाव्या-सातव्या पायरीवर तिने त्याला गाठलं. "माजा शर्ट मागनं धरला ताई. मी हिसडा दिला. त्यांनी सोडला न्हाई. मला म्हणल्या, खाली हवा न्हाई रं, तू गेलास तर दोन मढी हुतील. मला वर रेटलं. म्हातारं माणूस, पर एवढा जोर कुठनं आला कुणास ठाऊक."

वरून पाहिलं तर महादेवचा हात हलत होता. काठावर कमरेला बांधायचा एकच दोर होता. शालनने तो मागितला आणि त्याच्या टोकाला फास केला, ओढला तरी आवळत नाही असा. संभाजी म्हणाला, मला द्या, मी जातो. ती म्हणाली, "तुला दम धरता येतो का? किती येळ?" त्याने नाही म्हणून मान हलवली. मग ती सगळ्यांकडे वळली. "त्या म्हणल्या, मी वर आले न्हाई तरी कुणी खाली यायचं न्हाई. शपथ हाय. डहाळं सोडा, हवा हलवा, मग बघा. त्यांनी इचारलं, कळलं का? मी व्हय म्हणलो ताई. मीच व्हय म्हणलो."

तिने मोठा श्वास घेतला, तोंड मिटलं आणि ती पायऱ्या उतरत गेली. धावली नाही. गुडघे दुखत होते म्हणून एका हाताने भिंत धरत, पण न थांबता. कट्ट्यावर गेली, महादेवच्या काखांतून फास घातला, दोन हिसके दिले. वरच्यांनी ओढायला सुरुवात केली. ती त्याचं डोकं भिंतीला आपटू नये म्हणून हाताने धरून होती, हात पोचेनासा झाल्यावरच सोडलं. मग वळली आणि चढायला लागली. "पाच पायऱ्या चढल्या. मी मोजल्या. पाचवीवर तोंड उघडलं. बसल्या. आमच्याकडं बघितलं आन् हातानं असं केलं..." संभाजीने तळवा उभा करून मला दाखवला. थांबा, म्हणून.

मी त्याला पाणी आणून दिलं. त्यांनी महादेवच्या अंगातून दोर सोडवून खाली टाकला, पण तो बांधून घ्यायला ती शुद्धीवर नव्हती. मग त्यांनी तिने शिकवलं होतं तसं केलं. लिंब तोडला, डहाळे दोराला बांधले आणि वर-खाली वर-खाली करत राहिले. ती पायरीवर बसलेली, भिंतीला मान टेकलेली, आणि हे वरून डहाळे हलवत होते. किती वेळ, त्याला सांगता येईना. अर्धा तास असेल, जास्तही असेल. मग त्याने कमरेला दोर बांधला आणि तो उतरला. "ताई, तीन डाव माजा पाय पायरीवर हुता. तीन डाव. बाईंनी शब्द घेतला हुता माजा. मी मोडला असता तर त्या वाचल्या असत्या का, एवढंच मला सांगा. माजी बायको म्हणती, तू बी गेला असतास. पर मला कळत न्हाई."

मलाही कळत नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला संगम माहुलीचा घाट दिसत होता, आणि हिरव्या पाण्याखाली पाढे म्हणत बसलेली एकोणीस वर्षांची पोरगी. शालनला धुराची भूल पडली नव्हती की ती घाबरून धावली नव्हती. तिने हिशोब केला होता. एवढ्या पायऱ्या खाली, एवढं काम, एवढ्या पायऱ्या वर. दोनापासून नवापर्यंत. फक्त मधली चाळीस-बेचाळीस वर्षं ती त्या हिशोबात धरायला विसरली, किंवा धरूनही गेली. कितव्या पाढ्यावर तिचं तोंड उघडलं असेल? सहाच्या? साताच्या?... हा विचार मला आजही दिवसातून कितीदा येतो. मी संभाजीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "तू तिचं ऐकलंस ते बरोबर केलंस." मला त्या क्षणी ते पटलं होतं का, हे खरं सांगायचं तर माहीत नाही. पण तो उठला तेव्हा सरळ उभा राहिला. आला तेव्हा तसा नव्हता.

त्यानंतर मी भाऊजींकडे गेले ती मागच्या रविवारी. दीड महिना होऊन गेला होता. पाऊस बेताचा पण सलग झाला होता, माळ हिरवा दिसत होता. भाऊजी अंगणात बसले होते. बराच वेळ आम्ही दोघं इकडचं तिकडचं बोललो, तिचं नाव न काढता. मग तेच म्हणाले, "ती गाठ मीच शिकवली होती, ताई. तो फास. आमच्या रेजिमेंटमधली गाठ. म्हणायचो, इमर्जन्सीत कामाला येईल." वाडीतल्या लोकांनी विहीर बुजवायचं ठरवलं होतं, हे मला भाऊजींकडूनच कळलं. बाई गेली त्या विहिरीचं पाणी कोण पिणार, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. पण बुजवण्याआधी भाऊजींना विचारायला माणसं आली होती. "मी म्हणलो, विहिरीनं काय केलंय? इंजिन आत ठेवलं ते आपण ठेवलं. गाळ पुरता काढा, खड्डा भरा दगड-वाळूनं, तिनं आखून दिलाय तसा. कठड्यावर पाटी लावा की इंजिन आत नेणार नाही. आणि पाणी आलं की पहिली कळशी माझ्याकडं आणा. मी पितो. मग ठरवा."

आम्ही हे बोलत असतानाच फाटक वाजलं. एक उंच, काटकुळा माणूस खांद्यावर स्टीलची कळशी घेऊन आत आला. तोंडाला ताटली, ताटलीवर फडकं बांधलेलं. त्याने कळशी ओट्यावर ठेवली आणि हात पुढे बांधून उभा राहिला. भाऊजी म्हणाले, "हा महादेव." मी त्याच्याकडे बघतच राहिले. काय बोलायचं असतं अशा माणसाशी? तो माझ्याकडे बघत नव्हता. बोलताना त्याचा एक शब्द मध्येच अडखळत होता, ते त्या दिवसापासून झालं आहे म्हणे. भाऊजींनी त्याला शेजारी बसवलं. "जेवलास का?" विचारलं. मग मला म्हणाले, "ताई, चहा टाका. ह्याच पाण्याचा."

मी कळशी उचलून आत गेले. शालनच्या स्वयंपाकघरात मी कधी एकटी उभी राहिले नव्हते. ती मला ओट्याला हात लावू देत नसे. सगळं जागच्या जागी होतं. पातेलं मिळालं, चहाची पूड मिळाली. फळीवर दोन सारखे डबे होते, दोन्ही स्टीलचे. त्यांना चिकटपट्टीने कागद लावलेले होते, आणि कागदांवर शालनचं ते फळ्यावरचं गोल, मोठं अक्षर. एकावर लिहिलं होतं : "ही साखर." दुसऱ्यावर : "हे मीठ हाय. चहात घालू नगा." भाऊजी फौजेतून आल्यावर कधीतरी त्यांनी ते घातलं असणार आणि हिने तो चहा निमूट पिऊन मग हे लिहिलं असणार. शाळेत मुलांना शुद्ध लिहायला लावणारी बाई, नवऱ्यासाठी लिहिताना घरच्या भाषेत लिहून गेली होती. मी डब्याच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिले. पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं तेव्हा मी भानावर आले आणि साखर घातली.

तीन कप घेऊन बाहेर आले. महादेवने कप हातात घेतला, पण तो भाऊजींकडे बघत थांबला. भाऊजींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि प्यायले. सगळा प्यायले. मग महादेव प्यायला. मग मी. चव चहाचीच होती. मला दुसरं काही वाटायला हवं होतं की काय, माहीत नाही.

भाऊजींनी कप-बशी खाली ठेवली. "अजून घोटभर टाका ताई," म्हणाले आणि महादेवकडे वळले. "कळशीत हाय का रं पाणी?"

"हाय की," महादेव म्हणाला. मग थांबला, अडखळणारा शब्द त्याने सावकाश सोडवून घेतला. "वि... विहिरीत बी लय हाय."